सांडायला नदीच नाही

रियाधमधल्या कुठल्याही बकाल्यात शिरा. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असतो, आणि आतल्या काचेच्या फ्रिजमध्ये दूध, दही आणि 'लबन' नावाचं दाटसर ताक यांच्या गारेगार बाटल्या ओळीनं उभ्या असतात. यातला बराच माल येतो तो रियाधच्या आग्नेयेला, मोटारीनं तासाभराच्या अंतरावर असलेल्या अल खर्ज भागातून. १९७७ साली सुरू झालेल्या 'अल मराई' कंपनीचे मोठे गोठे आणि कारखाने तिथं आहेत. अरबीत 'मराई' म्हणजे कुरणं. त्याच भागातल्या 'अल साफी'च्या गोठ्याची १९९८ मध्ये जगातली सर्वांत मोठी एकात्मिक डेअरी म्हणून गिनेस बुकात नोंद झाली होती.

आता कोडं असं, की सौदी अरेबियात बारमाही नदी एकही नाही. पाऊस सरासरीनं वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या माण-खटावात दुष्काळाच्या वर्षीही लोक याहून जास्त पाऊस पाहतात. दूधधंदा तर पाणी पिणारा. मग एवढं पाणी येतं कुठून, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे: वापरून घाण झालेलं पाणी जातं कुठं?

आपल्याकडे याचं उत्तर शब्दातच दडलंय. सांडपाणी, म्हणजे सांडून द्यायचं पाणी. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. पुढचं पुढच्या गावानं बघावं. जिथं ओढाच नाही, तिथं सांडायचं कुठं?

एक लिटर दूध आणि एक टँकर पाणी

डेअरीचं सांडपाणी म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. दुधाचं पातेलं विसळलं की जे पांढुरकं पाणी उरतं, तेच. त्यात विष नसतं, उलट सगळं पौष्टिकच असतं: साखर, प्रथिनं, चरबी. आपल्या आज्या हे विसळलेलं पाणी झाडांना घालायच्या आणि झाडं खूश असायची. मग कारखान्याचं तेच पाणी प्रदूषण कसं ठरतं?

ठरतं, कारण ते पौष्टिक आहे. पाण्यात गेलेलं अन्न जिवाणू खातात. खाताना, आपल्यासारखाच, त्यांनाही ऑक्सिजन लागतो आणि तो ते पाण्यात विरघळलेल्या साठ्यातून उचलतात. हा साठा फार तुटपुंजा असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. एक लिटर दूध पचवायला मात्र जिवाणूंना सुमारे एक लाख मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. भागाकार करून पाहा: साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपेल. म्हणजे मोरीत ओतलेलं एक लिटर दूध दहा हजार लिटरच्या टँकरमधल्या पाण्याचा श्वास कोंडू शकतं, आणि तरीही त्याची भूक उरेल.

या भुकेच्या मोजमापाला 'जैविक ऑक्सिजन मागणी' म्हणतात. कारखान्यात सगळे 'बीओडी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅमच्या घरात असतो. डेअरीच्या सांडपाण्याचा हजार-दोन हजार आणि कधीकधी त्याहूनही जास्त.

उदाहरणादाखल, रोज १० लाख लिटर दूध हाताळणारी एखादी डेअरी धरा. नळ्यांना चिकटून, टाक्यांच्या तळाशी राहून, भरताना सांडून त्यातलं फक्त एक टक्का दूध गटारात गेलं, तर ते झालं दहा हजार लिटर. माणसामागं रोजचा बीओडी ५० ग्रॅम धरला, तर हे २० हजार वस्तीच्या गावाच्या मैल्याइतकं ओझं होतं. दूध मात्र एक टक्काच गेलेलं.

पाणी लागतं कशाला?

दुधात पाणी घालायचं नसतं, मग डेअरीला पाणी लागतं कशाला? मुख्यतः भांडी घासायला.

आपलं पातेलं आपण मोरीत नेऊन घासतो. कारखान्यातलं 'पातेलं' म्हणजे दुमजली उंचीच्या टाक्या आणि शेकडो मीटर लांबीच्या स्टीलच्या नळ्या. त्या उचलून मोरीत नेता येत नाहीत, म्हणून मोरीच त्यांच्यापर्यंत नेतात. या पद्धतीला 'सीआयपी' म्हणतात, म्हणजे जागच्या जागी धुणं. दिवसातून निदान एकदा, बहुधा अधिक वेळा, ही धुलाई होते.

आधी साध्या पाण्यानं विसळणं. मग ७०-८० अंशांचं कॉस्टिक सोड्याचं पाणी नळ्यांतून फिरवायचं. चरबी आणि प्रथिनं त्यानं सुटतात. पुन्हा विसळणं. मग सौम्य नायट्रिक आम्ल, कारण दूध तापवताना त्यातला चुना नळीला चिकटून खडा धरतो, जसा गीझरच्या कॉइलवर धरतो, आणि तो सोड्याला दाद देत नाही. मग शेवटचं विसळणं. एका भांड्याला तीनदा पाणी!

पहिल्या विसळण्याच्या वेळी नळीच्या काचेच्या खिडकीपाशी उभं राहिलं, तर पुढचं सगळं तिथंच कळतं. आधी पांढरंशुभ्र दूध धावत असतं. मागून पाणी ढकललं की त्याला निळसर झाक येते, मग ते धुरकट होतं, मग धोवणासारखं, आणि शेवटी नितळ. या काही सेकंदांत झडप नेमकी कधी वळवायची, यावर सारा हिशेब अवलंबून असतो. लवकर वळवली तर चांगलं दूध गटारात, उशिरा वळवली तर पाणीदार दूध टाकीत.

सर्वांत स्वस्त शुद्धीकरण: सांडूच नये

म्हणून सांडपाण्याचं व्यवस्थापन शुद्धीकरण केंद्रापासून सुरू होत नाही, या खिडकीपासून होतं. हल्ली माणसाच्या डोळ्याऐवजी गढूळपणा मोजणारा संवेदक झडप वळवतो. काही कारखान्यांत पाण्याआधी नळीतून रबराचा बोळा दाबानं ढकलतात. तो भिंतीला चिकटलेलं दही किंवा मलई पुढं सारत नेतो. पातेल्याच्या कडेची साय बोटानं निपटून घ्यावी, तसं. निपटलेला प्रत्येक लिटर दोनदा पैसे वाचवतो: एकदा विकून, एकदा तो साफ करावा न लागून.

दुसरी युक्ती आपल्या पाणीटंचाईच्या गावांत सर्रास चालते. भांड्याचं शेवटचं विसळलेलं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं. ते बाजूला ठेवून पुढच्या भांड्याच्या पहिल्या विसळण्याला वापरायचं. सीआयपीच्या टाक्या याच हिशेबानं जोडलेल्या असतात. सोड्याचं आणि आम्लाचं पाणीही एकदा वापरून टाकत नाहीत. गाळून, ताकद तपासून पुन्हा फिरवतात.

तिसरी युक्ती दुधाच्याच पोटात आहे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. दुधाची पावडर करताना ते वाफ होऊन निघतं. ती वाफ थंड करून धरली की जे पाणी मिळतं, त्याला धंद्यात 'गाईचं पाणी' म्हणतात. थोडं शुद्ध केलं की ते बॉयलरला किंवा धुलाईला चालतं. तिथं गाय हीच विहीर होते.

सौदीत हे सगळं परवडण्याचं कारण पाण्याच्या किमतीत आहे. समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरमागं साधारण तीन-चार युनिट वीज जाते, आणि आखाताच्या किनाऱ्यावरून रियाधपर्यंत ते सुमारे ६०० मीटर उंच चढवावं लागतं. देशाच्या मध्यभागी दुसरा आधार खोल भूजलाचा. रियाध परिसरातल्या 'मिंजूर' नावाच्या वाळूखडकाच्या थरापर्यंत पोचायला बाराशे मीटरहून खोल जावं लागतं. तिथलं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळी काळातलं आहे आणि वर येतं ते गरम, मचूळ. आधी थंड करा, मग क्षार काढा, तेव्हा कुठं ते वापरता येतं. असं पाणी एकदाच वापरून टाकणं जिवावर येतं.

साय, गोबरगॅस आणि विरजण

इतकं करूनही घाण पाणी उरतंच. ते शुद्ध करण्याच्या यंत्रणेची नावं अवघड आहेत, पण तिच्यात असं काही नाही जे मराठी घरानं पाहिलेलं नाही.

*चाळण आणि हौद.* जाळीतून गाळलेलं पाणी आधी एका मोठ्या हौदात जातं. सकाळी सोड्याच्या धुलाईचं पाणी येतं, दुपारी आम्लाचं. दोन्ही थेट पुढं गेली तर जिवाणू मरतील. हौदात ती एकमेकांत मिसळतात, एकमेकांना बरीचशी मारतात आणि पाण्याचा सामू मध्यावर येतो.

*साय काढणं.* मग चरबी. ती आपणहून तरंगायला फार वेळ घेते, म्हणून तिला वर चढवावं लागतं. दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी टाकीत सोडतात. दाब सुटताच सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसावेत तसे असंख्य सूक्ष्म बुडबुडे निघतात आणि चरबीच्या कणांना चिकटून त्यांना वर नेतात. सोबत तुरटीसारखं रसायन घालतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की कण गोळा होतात, तेच काम. वर आलेली साय यंत्राचा उलथना काढून घेतो.

*गोबरगॅस.* आता उरलं विरघळलेलं अन्न. ते आधी हवाबंद टाकीतल्या जिवाणूंपुढं वाढतात. ऑक्सिजनशिवाय जगणारे हे जिवाणू बहुतेक अन्नाचा मिथेन करतात, आणि तो बॉयलरला जाळता येतो. आपल्या गोबरगॅसच्या टाकीचाच हा भाऊबंद. या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. थंड देशांत टाकी तापवावी लागते. सौदीत ऊब फुकट मिळते.

*विरजण.* शेवटी हवेशीर टाकी. इथं ऑक्सिजन घेणारे जिवाणू उरलेलं खातात, आणि त्यांना पंप लावून हवा पुरवावी लागते. सौदीतली उष्णता इथं मात्र आडवी येते: पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. ३५ अंशांना तो लिटरला ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणून विजेचा खर्च वाढतो. खाऊन जाडजूड झालेले जिवाणू पुढच्या टाकीत तळाशी बसतात आणि वर निवळ पाणी उरतं. तळाच्या गाळातला काही भाग परत हवेशीर टाकीत टाकतात. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला विरजण लावतात ना, अगदी तसं. ही पद्धत १९१४ मध्ये इंग्लंडात आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. त्याआधी पाण्यात नुसती हवा सोडून प्रयोग होत. या दोघांनी दर वेळी तळाचा गाळ न फेकता राखून ठेवला, आणि पाणी आठवड्यांऐवजी तासांत निवळू लागलं.

त्यानंतर वाळूची गाळणी, सूक्ष्म छिद्रांचे पडदे आणि जंतू मारणारे अतिनील दिवे. बाहेर पडलेलं पाणी डोळ्याला पिण्याच्या पाण्यासारखंच दिसतं. तरी ते दुधाला लागू देत नाहीत. कूलिंग टॉवर, आवार धुणं, बागा आणि झाडं यांना ते देतात.

जिवाणू मीठ खात नाहीत

इथवर वाचून वाटेल, की मग तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवत राहावं. अडचण मिठाची आहे.

जिवाणू साखर खातात, चरबी खातात, नायट्रोजन उडवून लावतात, पण कॉस्टिक सोड्यातलं सोडियम जसंच्या तसं राहतं. पाणी दर फेरीला वाफेनं थोडं उडतं, मीठ मागं राहतं. आमटी उकळून आटवली की खारट होते, तसं.

हे मीठ काढायला घरच्या आरओ यंत्राचाच मोठा भाऊ लागतो. घरच्या यंत्रातून बाजूनं वाहणारी बारीक धार पाहिली असेल. तेच मीठ घेऊन जाणारं पाणी. किनाऱ्यावरचा कारखाना हे खारट पाणी समुद्रात सोडू शकतो. वाळवंटाच्या मधोमध ते उथळ तलावांत पसरून उन्हात वाळवतात. आपली मिठागरंच, पण विकता न येणाऱ्या मिठाची.

मीठ न काढता पाणी शेताला दिलं तर काय होतं, हे सांगायला सौदीला जायची गरज नाही. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या चोपण जमिनी पाहाव्यात. सोडियम मातीचे कण सुटे करतं, माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, वर पांढरा थर येतो. आपल्याकडे निदान पावसाळा काही मीठ धुऊन नेतो. जिथं १०० मिलिमीटर पाऊस, तिथं धुणार कोण? म्हणून काही देशांतल्या डेअऱ्यांनी धुलाईत सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार वापरायला सुरुवात केली. पोटॅश निदान पिकाला खत म्हणून लागतं. सौदीत खजुराची झाडं कामी येतात, कारण इतर फळझाडं माना टाकतील इतका खारेपणा खजूर सोसतो.

कस्तुरी तलाव आणि नवी नदी

सांडायला नदी नसताना न शुद्ध केलेलं पाणी सांडत राहिलं तर काय होतं, याचा धडा सौदीनं जेद्दा शहरात घेतलाय. तिथं बऱ्याच भागात गटारंच नव्हती. टँकर मैलापाणी भरून शहराच्या पूर्वेला नेऊन ओतत, आणि त्याचा चक्क तलाव झाला. लोकांनी त्याला नाव दिलं 'बुहैरत अल मिस्क', म्हणजे कस्तुरी तलाव. थट्टा मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २००९ मध्ये जेद्दात मुसळधार पाऊस झाला, पुरात शंभराहून अधिक माणसं गेली, आणि या तलावाचा बांध फुटतो की काय या भीतीनं शहराचा जीव टांगणीला लागला. त्यानंतर तो तलाव आटवण्यात आला.

दुसरा धडा रियाधचा, उलट्या दिशेचा. तिथली 'वादी हनीफा' ही एरवी कोरडी, पूर आला तरच वाहणारी घळ. शहर वाढलं तसं तिच्यात सांडपाणी आणि कचरा साचला. मग ती साफ करून दगडांचे उतार, उथळ कुंडं, वनस्पती आणि मासे यांच्या मदतीनं पाणी शुद्ध करणारा प्रकल्प उभा केला, आणि २०१० मध्ये त्याला वास्तुकलेचं आगा खान पारितोषिक मिळालं. आता रियाधच्या दक्षिणेला त्या घळीत पाणी बारा महिने वाहतं. ती नदीच आहे, पण तिचा उगम शहराच्या मोऱ्यांमध्ये आहे.

असं पाणी हाताळायला मन तयार होतं का? हा प्रश्न तिथं धर्मपीठापुढंही गेला होता. १९७८ मध्ये सौदीच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळानं निर्णय दिला: शुद्धीकरणानंतर पाण्याचा रंग, वास आणि चव यांतली अशुद्धी पूर्ण गेली आणि विश्वासू तज्ज्ञांनी तशी खात्री दिली, तर ते पाणी पवित्रच मानावं, नमाजाआधीच्या वजूलाही ते चालेल. पिण्याच्या बाबतीत मात्र आरोग्यासाठी सावधगिरी सुचवली. कारखान्यातल्या नियमाचं तत्त्वही हेच: पाणी आधी काय होतं हे विचारू नका, आता काय आहे ते तपासा, आणि त्यानुसार काम द्या.

गवतात दडलेलं पाणी

आता पहिल्या प्रश्नाकडं परत येऊ. चांगली डेअरी एका लिटर दुधामागं कारखान्यात एक ते दोन लिटर पाण्यात भागवते. ढिलाईनं चालवलेली पाच लिटरही वापरते. पण गाईनं खाल्लेल्या वैरणीचं पाणी धरलं, तर जगाच्या सरासरीनं एका लिटर दुधामागं सुमारे हजार लिटर पाणी लागतं. धुलाईची सगळी हुशारी या हजारातल्या दोन-चार लिटरांपुरती.

सौदीनं हे महागात शिकून घेतलंय. १९८० च्या दशकात सरकारी अनुदानावर वाळवंटात गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांखाली गहू पिकला. नव्वदीच्या सुरुवातीला उत्पादन वर्षाला सुमारे ४० लाख टनांवर पोचलं आणि हा देश गहू निर्यात करू लागला. ते सारं पाणी जमिनीखालच्या त्याच जुन्या साठ्यातलं होतं. ज्या अल खर्जमध्ये एके काळी खोल नैसर्गिक झऱ्यांची कुंडं होती, तिथं ती कोरडी पडली. २००८ मध्ये सरकारनं गव्हाची देशी खरेदी टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. २०१५ मध्ये हिरव्या चाऱ्याबाबतही तसाच निर्णय झाला.

गाई मात्र राहिल्या, आणि त्यांना खायला लागतंच. २०१४ मध्ये अल मराईनं आपल्या उपकंपनीमार्फत अमेरिकेतल्या ॲरिझोनात सुमारे दहा हजार एकर जमीन ४ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली. तिथं लसूणघास पिकवून जहाजानं आणायचा. पण ॲरिझोनाही वाळवंटच. तिथले लोक विचारू लागले, की आमच्या विहिरींचं पाणी घासाच्या गठ्ठ्यांत बांधून का चाललंय? २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरनी या कंपनीकडं असलेल्या सरकारी जमिनीच्या भाडेपट्ट्यांवर हातोडा घातला.

कारखान्याच्या नळाला मीटर असतो, म्हणून तिथला थेंबन् थेंब दिसतो आणि वाचतो. गवताला मीटर नसतो. सौदीनं आपल्या कारखान्यात पाणी सांडणं जवळजवळ थांबवलं, तरी गवताचं पाणी कुणाच्या तरी विहिरीतून निघणारच आहे. ते रियाधच्या बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि आपल्या पिशवीवरही नसतं.

थोडक्यात

- एक लिटर दूध पचवायला जिवाणूंना सुमारे १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. साडेबारा हजार लिटर पाण्यात असतो तेवढा.
- डेअरीतलं बहुतेक पाणी धुलाईला लागतं. आधी दूध निपटून घेणं आणि शेवटचं विसळलेलं पाणी पुन्हा वापरणं, हे सर्वांत स्वस्त उपाय.
- शुद्धीकरणाचा क्रम: चाळण, हौद, साय काढणं, हवाबंद टाकी, हवेशीर टाकी, गाळणी.
- जिवाणू अन्न खातात, मीठ नाही. कोरड्या देशात पुनर्वापराची खरी मर्यादा खारेपणाची.
- कारखान्यातलं पाणी लिटरामागं काही लिटर. वैरणीतलं जगाच्या सरासरीनं हजारभर.